निकाल एकाचा, आनंद कुणाचा?

आपल्याकडे परीक्षेला एकजण बसतो आणि तोंड मात्र साऱ्या गल्लीचे गोड होते. निकालाच्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन घरोघर जाणे ही आपली जुनी रीत. ज्यांनी आयुष्यात कधी पेपर लिहिला नाही, ज्यांना आपल्या विषयांची नावेही नीट उच्चारता येत नाहीत, अशी माणसे त्या दिवशी आनंदलेली दिसतात. आपण त्याला माया म्हणतो, आपलेपणा म्हणतो आणि पुढे जातो. परंतु वर्षभर मानसशास्त्राचा अभ्यास केल्यावर मला एक प्रश्न सतावू लागला. लाभ दुसऱ्याला होतो आणि आनंद आपल्याला होतो, तेव्हा आपल्या मेंदूत नेमके काय घडते? तो आनंद स्वतःच्या लाभाच्या आनंदाइतकाच खरा असतो, की जनरीत म्हणून चेहऱ्यावर आणलेले ते हसू असते?

हा प्रश्न माझ्या बाबतीत केवळ पुस्तकी नाही. माझे घर इचलकरंजीचे. वडील यंत्रमाग कामगार, आई घर सांभाळून शिवणकाम करणारी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. खरे म्हणजे माझ्या आधी ती पायरी माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, चढायला हवी होती. दहावीला तिला ७१ टक्के गुण होते. त्याच उन्हाळ्यात वडिलांचा दमा वाढला. कापसाच्या धुळीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला डॉक्टरांनी रात्रपाळी बंद करायला सांगितली आणि घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. मी तेव्हा सहावीत होतो. आक्का कांडी भरायला जाऊ लागली. मागाच्या धोट्यात बसणारी सुताची कांडी आपल्या गावात कुणाला समजावून सांगायला नको. अकरावीचा प्रवेश त्या वर्षी राहिला, तो राहूनच गेला. 'तू शिक्षण सोड' असे तिला कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही. 'तुला पुढे शिकायचे आहे का?' असे कुणी विचारल्याचेही आठवत नाही.

गेल्या वर्षी माझा प्रथम वर्षाचा निकाल लागला. प्रथम श्रेणी मिळाली. मला बरे वाटले. पण पेपर कसे गेले होते ते मला ठाऊक असल्यामुळे फारसे नवल वाटले नाही. आक्का मात्र हातातले काम टाकून उठली आणि म्हणाली, "तू पास झालास म्हंजे मीच पास झालो की रं!" (आमच्याकडे बायकाही असेच बोलतात, व्याकरणाच्या सरांनी क्षमा करावी.) तिच्या डोळ्यांत पाणी होते. त्या दिवशी घरात सर्वांत जास्त आनंद कुणाला झाला असेल, तर तो परीक्षेला न बसलेल्या माणसाला.

त्यानंतर ग्रंथालयात ह्या विषयावर जे मिळेल ते मी वाचू लागलो. त्यातून जे हाती आले, ते आपल्यापुढे ठेवतो.

मेंदूतील सुखाचा शोध तसा अलीकडचा. १९५४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर ह्या दोघांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. पिंजऱ्यातील दांडी दाबली की मेंदूच्या एका विशिष्ट भागाला अत्यंत सौम्य वीजप्रवाह मिळे. दांडी दाबण्याचे फळ म्हणून अन्न नाही, पाणी नाही. नुसता तो प्रवाह. तरीही उंदीर तासाला शेकडो वेळा ती दांडी दाबत राहिले. बक्षिसाची जाणीव निर्माण करणारी एक व्यवस्था मेंदूतच आहे, हे त्यावरून कळले.

पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ ह्या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग करून ह्या व्यवस्थेचे आणखी एक गुपित उलगडले. तहानलेल्या माकडाला अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी जोराने चेततात. पण रस मिळण्याआधी दरवेळी एक खूण दाखवली, तर थोड्याच दिवसांत त्या पेशी खूण दिसताच चेततात आणि प्रत्यक्ष रस मिळताना जवळजवळ गप्प राहतात. आणि खूण दिसूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे ह्या पेशी केवळ लाभ मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष ह्यांतील अंतर मोजतात. १९९७ साली पीटर डायन आणि रीड माँटेग्यू ह्यांच्यासह लिहिलेल्या निबंधात शुल्ट्झ ह्यांनी हा विचार मांडला. २०१७ साली मेंदूसंशोधनाचे 'ब्रेन प्राइझ' हे मोठे पारितोषिक डायन आणि रे डोलन ह्यांच्याबरोबर त्यांना मिळाले.

हे वाचल्यावर निकालाच्या दिवसाचा थोडा उलगडा मला झाला. मला निकालाचा अंदाज होता, आक्काला नव्हता. तिच्या दृष्टीने कॉलेजची परीक्षा म्हणजे कधी न पाहिलेला घाट. त्यामुळे अपेक्षा आणि प्रत्यक्ष ह्यांतील अंतर तिच्या बाबतीत अधिक. हा माझा आपला तर्क आहे, प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. शिवाय मुख्य प्रश्न त्याने सुटत नाहीच. निकाल माझा होता. तिच्या मेंदूने माझा लाभ स्वतःच्या खात्यावर का मांडावा?

ह्या प्रश्नाला भिडणारा एक सुंदर प्रयोग २०१३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील स्टीव्ह चँग, मायकेल प्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. दोन माकडे शेजारी बसवलेली. एकाने पडद्यावरील खुणांमधून निवड करायची. एका खुणेने रस त्याला स्वतःला मिळे, दुसरीने शेजाऱ्याला, तिसरीने कुणालाच नाही. माकडाने स्वतःचा रस सोडला नाही, हे तर उघडच. परंतु 'शेजाऱ्याला' की 'कुणालाच नाही' एवढेच हाती असताना त्याचा कल शेजाऱ्याला देण्याकडे दिसला. त्याच वेळी शास्त्रज्ञ मेंदूच्या पुढच्या बाजूच्या तीन भागांतील पेशींचे चेतणे टिपत होते. डोळ्यांच्या खोबण्यांच्या वर असलेल्या भागातील पेशी प्रामुख्याने 'मला मिळाले' एवढेच नोंदवत होत्या. दुसऱ्या भागातील पेशी 'मला मिळाले नाही' ह्याची नोंद ठेवत होत्या. आणि ज्याला सिंग्युलेट गायरस म्हणतात, त्या तिसऱ्या भागात काही पेशी स्वतःच्या लाभाने चेतत, काही शेजाऱ्याच्या लाभाने, तर काही दोघांच्याही. शेजाऱ्याची घागर भरली ह्याची नोंद ठेवणाऱ्या पेशी मेंदूत आहेत, असे ह्या प्रयोगाने दाखवून दिले.

आमच्या वर्गातील एका मित्राशी ह्यावर माझा वाद झाला. तो म्हणाला, "दुसऱ्याला देऊन आपल्याला सुख होत असेल, तर तोही स्वार्थच. तुझी आक्काही स्वतःच्या सुखासाठीच राबते म्हणायची!" हा युक्तिवाद जुना आहे आणि वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण मला तो पटत नाही. सारा खेळ स्वार्थाचाच असता, तर मेंदूला एकच खाते पुरले असते. दुसऱ्याच्या लाभाने चेतणाऱ्या वेगळ्या पेशींचे कामच काय होते? शिवाय एखाद्या कृतीनंतर सुख मिळते, एवढ्यावरून ती कृती सुखासाठीच केली असे ठरत नाही. जेवल्यावर झोप येते, म्हणून कुणी झोपेसाठी जेवतो का?

माणसांवरही असे प्रयोग झाले आहेत. २००७ साली अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे विल्यम हारबॉ, उलरिक मायर आणि डॅनियल बर्गहार्ट ह्यांनी १९ स्त्रियांना प्रत्येकी १०० डॉलर दिले आणि मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणाऱ्या यंत्रात झोपवून काही व्यवहार दाखवले. कधी त्यांच्या पैशांतून काही रक्कम गरजूंना धान्य पुरवणाऱ्या एका संस्थेकडे परस्पर वळवली जाई, कर कापून घ्यावा तशी. कधी द्यायचे की नाही हे त्या स्वतः ठरवत. दोन्ही प्रसंगी, म्हणजे सक्तीने पैसे गेले तेव्हासुद्धा, मेंदूच्या खोल भागातील बक्षिसाची केंद्रे चेतलेली आढळली. स्वतःला पैसे मिळतात तेव्हा चेतणारीच ही केंद्रे. मात्र देण्याचा निर्णय स्वतःचा असे, तेव्हा ती अधिक चेतत. मित्रहो, ह्या शेवटच्या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आतापर्यंतचे ऐकून माणूस हा जन्मतःच परोपकारी प्राणी आहे, असा कुणाचा समज होईल. तसे नाही. इंग्लंडमधील पॅट्रिशिया लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या बाबतीत डोळे उघडणारा आहे. मुठीत धरून दाबायचे एक यंत्र होते. ते जोराने दाबण्याचे कष्ट घेतले, तर बक्षीस मोठे. काही वेळा ते बक्षीस दाबणाऱ्याला मिळे, काही वेळा एका अनोळखी माणसाला. स्वतःसाठी लोक कष्ट घ्यायला तयार होत. दुसऱ्यासाठी कष्ट घ्यायची वेळ आली की तयारी कमी होई, आणि कष्ट जितके अधिक, तितकी ती अधिकच कमी होई. इतकेच नव्हे, तर 'हो, दाबतो' असे कबूल केल्यावरही दुसऱ्यासाठी मूठ जरा सैलच आवळली जाई! आपल्याकडच्या श्रमदानाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. फावडे सगळ्यांच्या हातात असते, माती मात्र थोडेच जण उचलतात.

ह्याच लॉकवुड ह्यांच्या २०१६ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात, कोणती खूण निवडली की बक्षीस मिळते, हे माणसे स्वतःसाठी लवकर शिकली आणि दुसऱ्यासाठी सावकाश. ज्यांना परक्याच्या मनात शिरता येते, म्हणजे ज्यांची सहानुभूती अधिक, ते दुसऱ्यासाठीही त्यातल्या त्यात लवकर शिकले. पुढे २०२१ साली असेही आढळले, की वयस्क माणसे तरुणांच्या मानाने दुसऱ्यासाठी कष्ट घ्यायला अधिक राजी असतात. आम्हा तरुणांनी ह्याची नोंद घ्यावी.

म्हणजे 'दुसऱ्याच्या सुखात आनंद' आणि 'दुसऱ्यासाठी कष्ट' ह्या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिली मेंदूला सोपी आहे. दुसरी जड जाते. शेजाऱ्याच्या मुलाचा पेढा खाताना कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. पण सकाळी कारखान्याचे दार उघडल्यापासून कांड्या भरायच्या, कानात मागांचा खडखडाट साठवायचा, आठवड्याच्या पगारातून धाकट्या भावाची फी बाजूला काढायची आणि दिवाळीच्या बोनसमधून त्याला सायकल घ्यायची, ही मूठ वेगळी. ती आठ वर्षे सैल झालेली मी पाहिली नाही.

आता कुणी म्हणेल, प्रयोगातला माणूस अनोळखी होता. तू तर तिचा सख्खा भाऊ. आक्षेप रास्त आहे. ह्या दिशेनेही संशोधन झाले आहे. अमेरिकेत २०१० साली इव्हा टेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्याच वयाच्या मुलामुलींना घेऊन प्रयोग केला. त्यांत काही श्वेतवर्णीय घरांतील होती, काही लॅटिन अमेरिकी वंशाच्या घरांतील. स्वतःच्या पदरचे पैसे घरच्यांना द्यायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचे होते. दोन्ही गटांनी साधारण सारखेच दिले. परंतु मेंदूतील बक्षिसाची केंद्रे लॅटिन घरांतील मुलांमध्ये घरच्यांना देताना अधिक चेतली, तर दुसऱ्या गटात स्वतःला पैसे मिळताना. आणि घराला हातभार लावण्यातच ज्यांना आपली ओळख गवसत होती, त्यांची ही केंद्रे घरच्यांना देताना अधिक चेतत होती. थोडक्यात, 'मी' कुठे संपतो आणि 'आपण' कुठे सुरू होते, ह्याची सीमा प्रत्येकाच्या मेंदूत एकाच जागी आखलेली नसते. घर, संस्कार आणि नात्याची सवय ती सीमा हलवतात. "मीच पास झालो की" ह्या आक्काच्या बोलण्यात मला आता अतिशयोक्ती दिसत नाही.

इथे लेख संपवला असता तर तो गोड झाला असता. पण मला इथेच खरी धास्ती वाटते. दुसऱ्यासाठी देण्यात सुख असते, हे एकदा शास्त्रानेही सांगितले, की घेणाऱ्याचे काम फार सोपे होते. 'तिला त्यातच आनंद आहे' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. आई शेवटी जेवते, तिला त्यातच आनंद आहे. वहिनीने नोकरी सोडली, तिला त्यातच आनंद आहे. बहीण कारखान्यात जाते आणि भाऊ कॉलेजात, तिला त्यातच आनंद आहे. हे खोटे असते असे मी म्हणत नाही. ओरेगनच्या प्रयोगात सक्तीने पैसे गेले तेव्हाही सुखाची केंद्रे चेतली होती, हे आपण पाहिलेच. पण त्याचा अर्थ नीट पाहावा. जिच्याकडून न विचारता घेतले, तिलाही ते सत्कारणी लागलेले पाहून समाधान वाटू शकते. म्हणून ते समाधान म्हणजे तिची संमती नव्हे. यंत्राला रक्ताचा प्रवाह दिसतो, न विचारलेला प्रश्न दिसत नाही.

आमच्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव न घेता शिक्षणावर बोलता येत नाही. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले, ही कथा प्रत्येक जयंतीला आपण ऐकतो. ती ऐकताना अंगावर काटा येतो तो सोन्याच्या वजनामुळे नव्हे. त्या माउलीने ते स्वतःच्या हाताने गळ्यातून उतरवले म्हणून. भाषणांत मात्र आपण सगळाच त्याग एका मापाने मोजतो. स्वतः उचललेला आणि अंगावर येऊन पडलेला, असे त्यागाचेही दोन प्रकार असतात. मेंदूलासुद्धा हा फरक कळतो, मग आपल्याला कळायला हरकत नसावी.

आक्काचा त्याग ह्यांपैकी कोणता? मी तो निवाडा करू शकत नाही. सोळा वर्षांच्या मुलीपुढे तेव्हा निवडीला जागाच किती होती? पण आज ती चोवीस वर्षांची आहे, वडिलांची तब्येत बरी आहे आणि मी कॉलेजच्या 'कमवा व शिका' योजनेत रोज संध्याकाळी दोन तास ग्रंथालयात पुस्तके लावतो. बारावीच्या परीक्षेला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. त्याचे पैसे आणि पुस्तकांचे पैसे ह्या कामातून निघतील असा माझा हिशेब आहे. मला नवे बूट घ्यायचे होते, हेही इथे लपवत नाही. पुस्तके कपाटात लावताना बुटांचा विचार मनात येतो, आणि तो आला की लॉकवुडबाईंचे मूठ दाबायचे यंत्र आठवते. आपलीच मूठ आहे. ती सैल पडू द्यायची की नाही, हे आपणच पाहायचे.

मागच्या रविवारी मी आक्काला सरळ विचारले, "आक्का, तुला पुढं शिकायचंय का?" ती आधी हसली. म्हणाली, "आता ह्या वयात कुठली परीक्षा देतो मी!" मग भाकरी थापता थापता बराच वेळ गप्प राहिली. तवा उतरवल्यावर तिनेच विचारले, "इंग्रजीत पास व्हायला किती मार्क लागत्यात रं?"

मी सांगितले, "पस्तीस."

त्यावर ती काही बोलली नाही. फॉर्म अजून भरलेला नाही. तो भरायचा की नाही हे तिने ठरवायचे आहे, आणि तिने 'नको' म्हटले तर तेही मी मान्य करीन. कारण ह्या वेळी तिला कुणीतरी विचारले आहे. पण ती 'हो' म्हणाली, परीक्षेला बसली आणि तिचा निकाल लागला, तर दुसऱ्याच्या लाभाने माझ्या मेंदूत काय घडते, ते मला समजेलच. त्यासाठी कुठल्या यंत्रात झोपण्याची गरज पडणार नाही.